विमानांची कोष्टके आणि हवाई दलाचे बळ

मुलांच्या पत्त्यांचा एक खेळ पुष्कळांस ठाऊक असेल. प्रत्येक पत्त्यावर एका लढाऊ विमानाचे चित्र असते व त्याखाली वेग, वजन, उंची, पल्ला यांचे आकडे छापलेले असतात. एकाने एक बाब पुकारावी, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता आपल्या गठ्ठ्यात घालावा, आणि सगळे पत्ते हाती आले म्हणजे युद्ध जिंकले असे समजावे. खेळ निरुपद्रवी आहे. त्याने मुलांस आकडे वाचण्याची सवय तरी लागते. परंतु हाच खेळ मिशा पिकलेली माणसे वृत्तपत्रांच्या पानांवर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गंभीर मुद्रेने खेळू लागली, आणि त्यास ‘संरक्षणविषयक विवेचन’ असे भारदस्त नाव देऊ लागली, म्हणजे मात्र चार शब्द बोलणे प्राप्त होते.

२०२५ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांच्यामध्ये जो चार दिवसांचा संघर्ष झाला, तेव्हापासून ह्या खेळास विशेष ऊत आला आहे. राफेल श्रेष्ठ की चिनी जे-१०सी? सुखोई-३० वरचढ की अमेरिकन एफ-१६? तेजस आणि जेएफ-१७ यांची कुस्ती लावली तर चीत कोण होईल? अशा प्रश्नांची कोष्टके मांडावयाची, उजवीकडच्या व डावीकडच्या रकान्यांची बेरीज करावयाची, आणि अखेरीस एका राष्ट्रास शूर व दुसऱ्यास दुर्बळ ठरवून मोकळे व्हावयाचे, अशी ही रीत आहे. त्यातच विमानांच्या ‘पिढ्या’ मोजण्याची एक वंशावळ प्रचारात आली असून तीत ‘साडेचारावी पिढी’ म्हणूनही एक पिढी असते! अर्धी पिढी ही काय वस्तू आहे, हे कुळगोत्राच्या जाणकारांसही सांगता येणार नाही. पण आमचे विवेचक तिचा उच्चार वेदवाक्याप्रमाणे करितात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, विमानाशी विमान ताडून पाहणे म्हणजे हवाई दलाशी हवाई दल ताडून पाहणे नव्हे. आणि पहिल्या गोष्टीच्या नादी लागल्यामुळे दुसरी करण्याची पात्रताच आम्ही नागरिक गमावून बसलो आहोत. विमान हे हवाई दलाचे टोक आहे. भाल्याचे पाते कितीही पाणीदार असले, तरी त्यामागे दांडा आहे की नाही, दांडा धरणारा हात तयार आहे की नाही, आणि शत्रू कोठे आहे हे त्या हातास कळते की नाही, हे विचारल्यावाचून भाल्याची परीक्षा होत नाही.

इतिहासाची साक्ष काढू. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जे युद्ध झाले, त्यातील स्पिटफायर आणि मेसरश्मिट-१०९ ह्या विमानांची कोष्टके आजही मोठ्या हौसेने मांडली जातात. वस्तुतः ती दोन विमाने जवळजवळ तुल्यबळ होती. नाक एकदम खाली घालून सूर मारताना मेसरश्मिटचे इंजिन चालू राही, तर स्पिटफायरचे क्षणभर अडखळे. उलट वळण घेण्यात स्पिटफायर सरस ठरे. मग निकाल कशाने लागला? समुद्रकाठी उभारलेल्या रडारच्या मनोऱ्यांनी, दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकांनी, आणि त्या सर्वांच्या वार्ता एका ठिकाणी जुळवून कोणत्या तुकडीने केव्हा व कोठे उडावे हे सांगणाऱ्या यंत्रणेने. ही घडी बसविणाऱ्या सेनापती डाउडिंगचे नाव कोष्टकात कोठेच येत नाही. शिवाय त्या लढ्यात जर्मन विमाने अधिक संख्येने पाडली ती नामांकित स्पिटफायरने नव्हे, तर कोष्टकात दुय्यम ठरणाऱ्या हरिकेनने. कारण हरिकेन संख्येने जास्त होती आणि मार खाऊन आली तर लवकर दुरुस्त होत असे.

परदेशची उदाहरणे नकोत, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, १९६५ चे युद्ध घ्या. पाकिस्तानापाशी अमेरिकेने दिलेली सेबर विमाने होती, त्यांतील काहींवर उष्णतेचा माग काढणारी क्षेपणास्त्रे होती, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे स्टारफायटर होते. आमच्याकडचे नॅट हे विमान इतके चिमुकले की ते खेळण्यात जमा व्हावे. त्यावर क्षेपणास्त्र नाही, केवळ दोन तोफा. कोष्टक मांडले असते तर नॅटला उडण्याचीही परवानगी मिळाली नसती. तरी त्याने सेबरांशी झुंज घेतली आणि नाव कमावले. उलट पक्षी, त्या काळी आमच्या ताफ्यात रकान्यांच्या दृष्टीने सर्वांत श्रेष्ठ विमान होते ते १९६३ साली दाखल झालेले मिग-२१. त्यांतील काही ६ सप्टेंबर रोजी पठाणकोटच्या धावपट्टीवर उभी असतानाच पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात नष्ट झाली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा रकाना त्या दिवशी काय कामाचा? जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचा वेग शून्य असतो.

यावर आमचे विरोधक म्हणतील, ‘तो काळ तोफांचा होता, आता दीडशे-दोनशे किलोमीटरवरून क्षेपणास्त्र येते, तेव्हा यंत्राचे महत्त्व वाढले आहे.’ यंत्राचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. मे २०२५ मध्ये चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राने जो धाक उत्पन्न केला तो खोटा नव्हता. परंतु असे क्षेपणास्त्र सोडणाऱ्या वैमानिकास लक्ष्य डोळ्यांनी दिसत नाही. ते त्यास रडारने दाखवावे लागते. ते रडार त्याच्या विमानाचे असेल, मागे उंचावर फिरणाऱ्या टेहळणी विमानाचे असेल, किंवा जमिनीवरचे असेल. आणि क्षेपणास्त्र वाटेत असताना लक्ष्याने जागा बदलली तर ती वार्ताही त्यास पोहोचवावी लागते. म्हणजे पल्ला जितका लांब, तितके एकटे विमान दुबळे, आणि त्यामागची यंत्रणा प्रबळ. नव्या काळाने आमचाच पक्ष बळकट केला आहे.

त्या चार दिवसांत कोणाची किती विमाने पडली, याविषयी दोन्ही देशांचे दावे एकमेकांशी जुळत नाहीत. ३१ मे २०२५ रोजी भारताचे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात विमाने गमावल्याचे मान्य केले, आणि किती पडली यापेक्षा ती का पडली हे महत्त्वाचे, अशा आशयाचे उत्तर दिले. सेनापतीस शोभेल असेच ते उत्तर होते. पण आमच्या विवेचकांनी त्यातील ‘का’ टाकून दिला आणि ‘किती’ तेवढे उचलले. कारण ‘का’ हा शब्द कोणत्याच रकान्यात बसत नाही.

‘का’ विचारण्याचे टाळल्याने काय होते, याचे याहूनही क्लेशकारक उदाहरण २७ फेब्रुवारी २०१९ चे आहे. त्या दिवशी काश्मीरवर हवाई चकमक चालू असताना बडगामजवळ आमचेच एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आमच्याच क्षेपणास्त्राने पाडले. त्यातील हवाई दलाचे ६ जण व जमिनीवरील १ नागरिक मृत्यू पावले. ही आपली चूक होती असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पष्ट सांगितले. तेथे क्षेपणास्त्र उत्तम होते. त्याने नेम चुकविला नाही. चुकली ती स्वकीय कोण व परकीय कोण हे ओळखण्याची व्यवस्था. त्या व्यवस्थेच्या वाटणीस किती कोष्टके आली?

आता इंजिनाकडे वळू. कारण विमान कोणाचे, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. कुर्ट टँक ह्या जर्मन शिल्पज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरास रचलेले मरुत विमान १९६१ मध्ये उडाले. त्याचा सांगाडा उत्तम होता. पण त्याच्यासाठी योजिलेले जोरकस इंजिन कधी मिळालेच नाही, आणि चिमुकल्या नॅटच्या घराण्यातील ऑर्फियस इंजिनांवरच त्याला आयुष्य कंठावे लागले. १९७१ त त्याने राजस्थानच्या आघाडीवर कामगिरी बजाविली. तथापि ज्या वेगासाठी ते जन्मले तो त्यास लाभला नाही. ह्या अनुभवानंतर तरी शहाणपण यावे! १९८३ साली तेजसच्या योजनेस मंजुरी मिळाली, १९८९ साली कावेरी इंजिनाच्या. ४ जानेवारी २००१ रोजी तेजस उडाले ते अमेरिकन इंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरीची तेजसपासून फारकत झाली. २०२१ साली मागविलेली ८३ तेजस २०२४ च्या मार्चपासून यावयाची होती. ती मुदत टळली, आणि त्या विमानांसाठी मागविलेल्या इंजिनांपैकी पहिले इंजिन अमेरिकेहून येण्यास मार्च २०२५ उजाडला.

शेजाऱ्यांची स्थिती पाहू जाता हाच धडा मिळतो. पाकिस्तानचे जेएफ-१७ चीनच्या साह्याने बनते. त्याच्या पोटात रशियन इंजिन आहे. १९९० साली अमेरिकेची मर्जी फिरली तेव्हा पैसे मोजूनही पाकिस्तानची २८ एफ-१६ विमाने अमेरिकेतच अडकून पडली. उधारीच्या शौर्याची ही किंमत होय. चीनने मात्र वर्षानुवर्षे रशियन इंजिने विकत घेतली, आणि त्याच वेळी आपले इंजिन बनविण्याचा उद्योग अपयशे पचवून चालू ठेविला. २०११ मध्ये प्रथम उडालेले त्याचे जे-२० आरंभी रशियन इंजिनावर चालले. पुढे स्वतःच्या इंजिनावर चालू लागले. ज्या इंजिनाच्या आतील वायूची उष्णता पात्यांच्या धातूस वितळवू शकेल इतकी असते, त्यासाठी धातुविद्या, भट्ट्या, चाचणीगृहे आणि तीस वर्षे चिकाटीने बसणारी माणसे लागतात. ही तुलना करावयास आमचे विवेचक का धजत नाहीत?

कारखान्याच्या पुढची पायरी दुरुस्तीशाळेची. सुखोई-३० हे आमच्या हवाई दलाचे मुख्य बळ. त्यांची जुळणी आमच्याच नाशिकजवळ ओझर येथे झाली, ह्याचा मराठी मनुष्यास अभिमान वाटणे साहजिक आहे. पण २०१५ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की, शेकडा ७५ विमाने उड्डाणास सज्ज असणे अपेक्षित असता प्रत्यक्षात ५५ ते ६० च सज्ज होती. म्हणजे कागदावर शंभर असलेले बळ आकाशात साठांहून कमी. कोष्टकवाले मात्र शंभरांचीच बेरीज करितात. हवेत इंधन भरणारी विमाने २००३ पासून आमच्यापाशी आली ती एकंदर ६. एवढ्या विस्तीर्ण देशास ती किती पुरणार? आणि लढाऊ तुकड्यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मंजूर संख्या ४२. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांस निरोप दिला, तेव्हा उरल्या २९. ही तूट एका रात्रीत पडलेली नाही. २००७ मध्ये १२६ विमानांसाठी मागविलेल्या निविदांचा घोळ २०१५ पर्यंत चालला आणि शेवटी ३६ राफेल पदरात पडली.

आणि मनुष्य? कोष्टकात त्यास जागाच नाही. १९८२ साली नेमलेल्या समितीने स्पष्ट सांगितले की, साध्या शिक्षणविमानावरून तरुणास एकदम मिगवर बसविणे धोक्याचे असून मध्ये एक प्रगत शिक्षणविमान हवे. ते हॉक विमान आले २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत कित्येक तरुण वैमानिक युद्धावाचूनच मिग-२१ च्या अपघातांत गेले. २००१ मध्ये असाच एक मराठी तरुण गेला. त्याच्या माता-पित्यांनी दोष वैमानिकाच्या माथी मारून मोकळे होण्याच्या वृत्तीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला. त्यांनी विचारलेला प्रश्न हा आमच्या मते त्या काळातील हवाई दलाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. पण तो कोणत्या विमानाचा पल्ला किती, असा नव्हता.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, अशा चर्चेने सैन्याचे धैर्य खचते. आम्हांस हे मान्य नाही. सैनिकाचे धैर्य सुटे भाग न मिळाल्याने खचते, मागणी वीस वर्षे फायलीत पडून राहिल्याने खचते. कोणी त्याची वास्तपुस्त केल्याने खचत नाही. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. युद्धाच्या योजना गुप्त असाव्यात, हे शेंबडे पोरही जाणते. परंतु मुदती का टळल्या, निविदा का कुजल्या, इंजिनावरचा खर्च कोठे अडला, ह्या गोष्टी शत्रूस पूर्वीच ठाऊक असतात. अज्ञात राहतात त्या फक्त कर देणाऱ्या नागरिकास. आणि कोष्टकांची करमणूक जोवर चालू आहे, तोवर हे अज्ञान ज्यांच्या सोयीचे आहे त्यांस चिंता नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. ह्यापुढे कोणी दोन विमानांचे रकाने समोर ठेवून जयापजयाचे भविष्य सांगू लागला, तर त्यास पाच प्रश्न विचारावेत : ह्यांपैकी आज किती विमाने उडू शकतात? त्यांची इंजिने कोण बनवितो? त्यांचे सुटे भाग कोणाच्या मर्जीवर येतात? त्यांच्या वैमानिकास शिकविले कशावर? आणि आकाशात आपला कोण व परका कोण, हे त्यास कोण सांगते? ह्या पाचांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या हाती पत्ते आहेत, विद्या नाही. आणि ज्या राष्ट्रातील सुशिक्षित वर्ग हे प्रश्न विचारीत नाही, त्याने परक्या कारखान्यातून कितीही देखणी विमाने विकत आणली, तरी त्याच्या आकाशाच्या किल्ल्या परक्यांच्याच कमरेला लटकत राहणार.