संग्रहालयाची वार्षिक वर्गणी : दुकानाच्या खात्यात की फुकट खर्चात?

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयाचे सभासद व्हावे का, आणि त्याची वार्षिक वर्गणी दुकानाच्या खर्चात धरावी का, असा प्रश्न कापडाच्या धंद्यातील काही बंधूंनी आमच्यापुढे ठेवला आहे. त्यांच्यापैकी एकाचा जरदोजीचा कारखाना आहे, दुसरे छापील ओढण्यांचा ठोक व्यापार करतात, तिसरे मालेगावचे यंत्रमागवाले. अजायबघर म्हणजे शाळेच्या सहलीची जागा, तिथे वर्षाचे पैसे कशाला भरायचे, असे म्हणून हसणारेही पुष्कळ भेटतात. आम्हाला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मात्र तिघांनाही एकच उत्तर देता येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कापडाच्या माणसाने संग्रहालयाला परके मानण्याचे काहीच कारण नाही. १८६६ साली लंडनमध्ये फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत लावले. पगडी, लुंगी, साडी, धोतर, मलमल, छीट, सगळे खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे. बरोबर माहिती अशी की कापड कुठले, लांबी किती, पन्हा किती, वजन किती. असे २० संच झाले. त्यातले १३ विलायतेत राहिले, ७ हिंदुस्थानात आले. विलायतेतले संच प्रेस्टन, मँचेस्टर अशा गिरणीगावांना दिले गेले. हेतू लपवलेला नव्हता. हिंदुस्थानचे गिऱ्हाईक काय नेसते, काय डोक्याला बांधते, हे तिथल्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे आणि त्याने तसा माल बनवून इकडे पाठवावा. वॉटसन स्वतः या संचांना औद्योगिक संग्रहालये समजत असे. आपण त्याला नमुन्यांची वही म्हणू. म्हणजे संग्रहालय ही व्यापाऱ्याच्या उपयोगाची चीज आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांना कळले होते, आणि वही भरली होती ती आमच्या विणकरांच्या मालाने.

कोयरीचे तेच झाले. काश्मिरी शालीवरची कोयरी स्कॉटलंडमधील पेस्ले गावच्या मागांवर उतरली आणि जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज आमचाच डिझाइन काढणारा मुलगा संगणकावर ती ‘पेस्ले’ म्हणून शोधतो आणि कोणीतरी काढलेली, दहा जणांनी वापरलेली कोयरी उचलून आणतो. मग बाजारात समोरच्या दुकानात तोच माल दोन रुपये कमी भावाने दिसला की आपण नशिबाला बोल लावतो.

आता हिशेबाकडे येऊ. शुल्काचे आकडे दरवर्षी बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, म्हणून फक्त उदाहरणादाखल धरून चालू की वर्गणी ३,००० रुपये आणि एका वेळचे तिकीट १५० रुपये. म्हणजे वर्षात २० वेळा गेल्याशिवाय पैसे वसूल नाहीत. महिन्याला जवळजवळ दोन फेऱ्या. दुकान सांभाळणारा कोणता मालक महिन्यातून दोनदा संग्रहालयात जाईल? नुसत्या तिकिटाच्या हिशेबाने पाहिले तर बहुतेकांना हा सौदा तोट्याचा आहे, आणि तसे स्पष्ट सांगण्यात आम्हाला संकोच नाही. सभासदाला व्याख्यानाचे निमंत्रण, संग्रहालयाच्या दुकानात काही सूट, नव्या प्रदर्शनाची आगाऊ खबर अशा सवलती असतात. त्या ज्याला हव्या त्याला हव्या. सूट मिळते म्हणून माल घेणाऱ्याचे काय होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

पण तिकिटाचा हिशेब अपुरा आहे. दगडाची मूर्ती वर्षभर, पन्नास वर्षे, एकाच जागी उभी राहते. एकदा पाहिली की पाहिली. कापडाचे तसे नाही. उजेडाने रंग उडतो, रेशीम ठिसूळ होते. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेल्या साडीची घडी महिन्याभरात कशी फिक्की पडते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून संग्रहालयात जुने कापड मंद उजेडात, साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात, आणि काही महिने दाखवून झाले की पुन्हा अंधारात विश्रांतीला नेतात. त्याच्या जागी दुसरे येते. याचा अर्थ असा की कापडासाठी जाणाऱ्याला एका फेरीत थोडेच दिसते. जे मार्चमध्ये पाहिले ते नोव्हेंबरमध्ये कदाचित नसेल. वर्षाच्या सभासदत्वाला कापडवाल्याच्या दृष्टीने काही किंमत येते ती इथे. अर्थात, जे पाहायला गेलो तेच पेटीत बंद, असेही होऊ शकते. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

आमची मोठी तक्रार निराळीच आहे. संग्रहालयवाले कापडाची सुलटी बाजू दाखवतात. कापडाचा माणूस हातात आलेला तुकडा पहिल्यांदा उलटा करतो. मशरूचे उदाहरण घ्या. नावच सांगते की शरीयतने मुभा दिलेले कापड. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये, म्हणून ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा ठेवून विणकराने असे साधले की चमक वर राहिली आणि सूत अंगाकडे गेले. ही सगळी करामत उलट्या बाजूला समजते. काचेपलीकडे घडी घालून ठेवलेल्या मशरूत फक्त रंगीत पट्टे दिसतील. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) हिमरूचेही तसेच. बुट्टा सुलट्या बाजूला कितीही देखणा असो, मागे रेशमाचे धागे कसे सोडले, कुठे धरले, हे पाहिल्याशिवाय विणणाऱ्याला काही हाती लागत नाही. जरदोजीत टाका कुठून वर आला, खाली अस्तर काय होते, हे मागूनच कळते.

मागची बाजू पाहता येते, परंतु सभासदाच्या कार्डावर नव्हे. त्यासाठी अभ्यासाची परवानगी लागते. संग्रहालयाच्या प्रमुखाला किंवा कापड विभाग सांभाळणाऱ्याला पत्र लिहायचे, आपण कोण, काय पाहायचे, कशासाठी, हे मांडायचे आणि वेळ मागून घ्यायची. ही परवानगी सभासदालाच मिळते असे नाही. सभासदत्वाचा उपयोग एवढाच की येणे-जाणे राहिले, दोन व्याख्यानांना बसले, तोंडओळख झाली, की पत्राला उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते. हा सरळ व्यापारी अनुभव आहे, कोणत्याही पेढीवर तो खरा ठरतो.

म्हणून आमचे मत असे की ज्याच्या धंद्यात डिझाइन हाच माल आहे, त्याने एक सभासदत्व घ्यावे, पण स्वतःच्या नावाने घेऊ नये. कारखान्यात जो नक्षी उतरवतो, जो खाका टोचतो, किंवा घरातील जी मुलगी चित्रकलेचा अभ्यास करते, तिच्या किंवा त्याच्या नावाने घ्यावे. ही कार्डे बहुधा व्यक्तीच्या नावाची असतात, आज याने उद्या त्याने वापरायची नसतात. विद्यार्थ्यांना सवलतीचा दर असेल तर तोही विचारावा. आणि कारागिराला पाठवायचे तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. रोजावर काम करणाऱ्याचा दिवस ही वर्षभराच्या वर्गणीपेक्षा मोठी रक्कम ठरते. बारा महिन्यांत बारा दिवस धरले तर बारा रोज. खरा खर्च तो आहे, त्याची तयारी नसेल तर कार्ड काढून पाकिटात ठेवण्यात अर्थ नाही.

कारागीर जाईल का, हा प्रश्न उरतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून आहे. कारागिरीच्या वस्तूंसाठीच ते नावाजलेले. मदनपुरा आणि नागपाडा तिथून लांब नाही. शेजारच्या राणीच्या बागेत आपली कुटुंबे ईदच्या सुट्टीत गर्दी करतात, पण संग्रहालयाच्या दारातून आत जाणारे थोडे. दगडी इमारत, पहारेकरी, आतली शांतता आणि इंग्रजी पाट्या पाहून माणूस दबतो. उर्दू माध्यमात शिकलेल्या आम्हालाही काही वर्षे तसे वाटत असे. पाटी वाचता आली नाही तरी बुट्टा वाचता येतो, हे त्या कारागिराला कोणीतरी सोबत जाऊन एकदा सांगावे लागते. हे काम मालकाचे.

ग्रे कापडवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत साधे कापड काढणाऱ्याचे सारे गणित सूत, वीज आणि उधारीवर चालते, त्याला मुंबईच्या सभासदत्वाने काय मिळणार? मालेगावच्या बंधूंना तर प्रवासभाडेच तिकिटाहून जास्त पडेल. ते रंगीत साडीकडे वळणार असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हाही शुक्रवारच्या सुट्टीला जोडून वर्षात एक-दोनदा तिकीट काढून जावे, तेवढे पुरे. छापकामवाल्यांनाही आम्ही घाईने पैसे भरा म्हणणार नाही. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी संग्रह आहे. इजिप्तमध्ये मिळालेल्या हिंदुस्थानी छापील सुती कापडाचे बाराशेहून अधिक तुकडे, पुष्कळसे गुजरातकडचे, काही तर कित्येक शतकांपूर्वीचे. त्यांची चित्रे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ठशाची रेघ चित्रातही समजते. विणकामाचा आणि भरतकामाचा पोत तसा समजत नाही, म्हणून तिथे पाय झिजवणे भाग आहे. अहमदाबादला मालासाठी जाणे होत असेल तर १९४९ साली सुरू झालेले कॅलिको संग्रहालय पाहावे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण आधी नाव नोंदवावे लागते.

पैसे भरण्यापूर्वी खिडकीवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कार्डावर सोबत किती जणांना नेता येते, ग्रंथालयात बसू देतात का, विशेष प्रदर्शनाचे निराळे तिकीट लागते का, आणि फोटोचा नियम काय. शेवटचे महत्त्वाचे आहे. पाहून वहीत पेन्सिलीने नक्षी उतरवणे एक, आणि संग्रहालयाने काढलेला फोटो आपल्या कॅटलॉगवर छापणे दुसरे. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी हवी, कदाचित शुल्कही पडेल. अभ्यासाच्या परवानगीसाठी पत्र पाठवाल तेव्हा त्यात धंद्याचा हेतू लपवू नये, आणि पत्राची एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी.