गाणं वाजलं, पण कडवं कुठे गेलं?

जयंती 14 एप्रिलची, पण आपल्या भागात ती महिनाभर चालते. आज या गावाची मिरवणूक, परवा त्या गावाची. वारंगा फाट्यावर नांदेडहून आलेला रस्ता फुटतो, एक कळमनुरीवरून हिंगोलीकडे जातो, दुसरा उमरखेड-यवतमाळ करत नागपूरकडे. या दोन्ही रस्त्यांनी एप्रिल-मेमध्ये डीजेच्या गाड्या धावत असतात.

डीजेचा विषय काढला की लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, डीजे बंद करा. दुसरी म्हणते, वर्षभर सगळ्यांचे डीजे चालतात, मग आमच्याच जयंतीला उपदेश कशाला? दुसऱ्या फळीचा राग आम्हाला समजतो. गणपतीत कानावर हात ठेवून गप्प बसणारे लोक भीमजयंती आली की अचानक पर्यावरणवादी होतात, हे आपण दरवर्षी पाहतो. त्यामुळे ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती सगळ्यांना सारखी लागू करा, आपल्यालाही करा. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला आवाज कळतो, गाण्यात काय सांगितलंय ते कळत नाही. ते कळायला हवं डीजेला.

भीमगीताची रचना बघा. धृपदात जयघोष असतो, विचार असतो कडव्यात. पाणी कुणी नाकारलं, वही कुणी हातात दिली, संविधानाने काय बदललं, हे सगळं कडवं सांगतं. आंबेडकरी जलशांनी हेच केलं. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरले आणि जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हतं, वाचता येणारं माणूस नव्हतं, तिथे गाण्यातून चळवळ पोहोचवली. वामनदादा कर्डकांनी (1922-2004) पुढे आयुष्यभर तेच केलं. माईक नसला तरी शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत जायला हवा, ही त्या कलेची अट होती.

आता लॅपटॉपवर काय होतं? सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर खुणा मारून ठेवता येतात. बटण दाबलं की गाणं थेट त्या खुणेवर जातं. खूण बहुतेक वेळा धृपदावर असते. धृपद, उडी, पुन्हा धृपद, मग सायरन, आणि पुढचं गाणं. कडवं वाजतच नाही. वाजलंच तर त्यावर इको टाकलेला असतो, म्हणजे एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. फ्लँजर लावला की गाणाऱ्याचा आवाज विमान गेल्यासारखा होतो. गर्दी नाचते, पण गाणं काय म्हणालं ते घरी जाताना कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट ‘सिंक’ची. हे बटण दोन गाण्यांची गती आपोआप जुळवतं. त्यासाठी सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची समान अंतराची जाळी टाकतं. पण आपली जुनी गाणी माणसांनी ढोलकीवर वाजवलेली आहेत. रंग चढला की ढोलकीवाला किंचित पुढे सरकतो, शब्द जड आला की किंचित थांबतो. ही गती जाळीत बसत नाही, आणि गाणं मध्येच घसरतं. मग ते झाकायला वरून एकसुरी किक टाकली जाते, त्या किकमध्ये ढोलकीचा ठेका बुडतो. सावकाश गाणं ओढून-ताणून नाचाच्या गतीला आणलं की गायकाचा आवाजही फाटतो. चूक यंत्राची नाही. कानाने करायचं काम यंत्राला दिलं, त्याचा हा परिणाम आहे.

‘पोरांना तेवढंच जमतं’ असं म्हणून आम्हाला हिणवायचं नाही. गावकीत वाजवण्याचं काम जातीने लादलेलं होतं. हलगी गळ्यात असली तरी मान मिळत नव्हता. आज त्याच वस्त्यांतला मुलगा स्वतःच्या निवडीने कन्सोलमागे उभा राहतो, कर्ज काढून सेट घेतो, घर चालवतो. ही आम्हाला अभिमानाची गोष्ट वाटते. म्हणूनच त्याच्याकडून जास्त अपेक्षा आहे.

डीजेची कला मुळात वंचितांनीच घडवली आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जमैकाहून आलेल्या कुटुंबातला कूल हर्क बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवत होता. लोक गाण्याच्या कोणत्या तुकड्यावर नाचतात हे त्याने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवायची रीत बसवली. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. सिंक नव्हतं, तयार इफेक्टची रांग नव्हती. कान होता आणि समोरच्या माणसांची ओळख होती. कोणी म्हणेल, हर्कनेही तुकडाच वाजवला. बरोबर, पण त्या गाण्यांचा जीव ठेक्यात होता. भीमगीताचा जीव शब्दात आहे. कशाला हात लावायचा नाही हे ओळखणं, हीच कारागिरी.

आणखी एक बोचणारी गोष्ट. रिमिक्समध्ये डीजेचं नाव दर अर्ध्या मिनिटाला घुमतं. गाणं लिहिणाऱ्या कवीचं नाव एकदाही येत नाही. आपल्याच शाहिराला आपणच पुसायचं, हे कुठल्या चळवळीत बसतं?

‘पब्लिकला हेच पाहिजे’ हे उत्तर तयार असतं. जलशासमोरच्या पब्लिकलाही आधी तमाशाच पाहिजे होता. जलशाने त्याच बाजात विचार दिला आणि लोक रात्रभर बसले. पब्लिकची आवड घडवावी लागते.

म्हणून जयंती मंडळांना आणि डीजे भावांना आमचं सांगणं साधं आहे. सुपारी ठरवताना फक्त बेसची आणि पैशांची बोलणी करू नका, गाण्यांची यादीही सोबत बसून करा. मिरवणुकीत किमान पाच गाणी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाजू द्या. शब्द चालू असताना इफेक्टला हात नाही, कडवं संपल्यावर हवा तर एक. सायरन रुग्णवाहिकेसाठी राहू द्या. प्रत्येक गाण्याआधी कवीचं आणि गायकाचं नाव घ्या. घरी सराव करताना सिंक बंद ठेवा, हेडफोन लावून कानाने गती जुळवा. सहा महिन्यांत हात बसतो. मग भर मिरवणुकीत लॅपटॉप अडकला तरी तुम्ही अडकणार नाही.

नाचूया, जरूर नाचूया. ज्यांना रस्त्यावरून चालू दिलं नाही, त्यांनी रस्त्यावर नाचणं हेही एक विधान आहे. पण नाचता नाचता एखाद्या पोरीच्या कानावर पूर्ण कडवं पडलं आणि तिने घरी जाऊन विचारलं, ‘आई, महाडला काय झालं होतं?’, तर ती जयंती सार्थकी लागली. तेवढी जागा गाण्यात मोकळी ठेवा.

जयभीम!