एका मिनिटामागची ७२० चित्रे

चित्रपटाचा एक सेकंद २४ चौकटींचा असतो. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन चौकटींना पुरवतात. तरीही सतत हलणाऱ्या एका पात्राच्या एका मिनिटासाठी ७२० चित्रे लागतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांच्या मेहनतीचा हिशेब इथून सुरू होतो.

चित्रांआधी कथा आणि स्टोरीबोर्ड असतो. नंतर रंग, पार्श्वभूमी, ध्वनी, संकलन. पात्र चालते तेव्हा टाच टेकते, भार पुढच्या पायावर येतो, कंबर किंचित खाली जाते. यातले एक चित्र चुकले की चाल लंगडी दिसते आणि आजूबाजूची चित्रेही पुन्हा काढावी लागतात. त्रिमितीय कामात असाच वेळ रिगिंग (पात्राला हलवता येणारा सांगाडा जोडणे) आणि रेंडरिंग (संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेणे) खातात.

खर्चाचेही तसेच. शुल्काखेरीज ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, पेन टॅब्लेट, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि परगावच्या विद्यार्थ्याला खोलीचे भाडे. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण ते चालवणारे यंत्र मोफत मिळत नाही. कामाचे तास इतके लांबतात की नोकरी करून शिकणेही कठीण होते.

म्हणून संस्थांनी प्रवेशाच्या वेळीच साहित्याचा खर्च शुल्काबरोबर जाहीर करावा, संगणक कक्ष रात्रीही खुले ठेवावेत आणि शिष्यवृत्तीत साधनांची तरतूद करावी. चांगला हात केवळ यंत्राअभावी मागे पडू नये.