जुन्या फिएटचा गिअर बदलावा का?

१/ धाकट्या डहाणूत आमच्या काकांची १९७२ची फिएट आहे. त्यांचा डावा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. ‘आधुनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवा,’ असा सल्ला घरातूनच येतो. माझे मत त्याविरुद्ध आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास.

२/ वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फिएट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. हीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा थेट स्टिअरिंगच्या खांबाला.

३/ दांडा वर गेल्याने पुढची जागा मोकळी झाली आणि तेथे सलग बाक बसला. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या कित्येक पिढ्यांचा डावा हात याच दांड्यावर घडला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. २० वर्षांची वयोमर्यादा संपताच, २०२३मध्ये, ती रस्त्यावरून गेली.

४/ ऑटोमॅटिक गिअर ही मात्र नवी गोष्ट नव्हे. जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ १९३९मध्येच आणला होता. म्हणजे ही फिएट घडली तेव्हा पर्याय उपलब्ध होता. लहान इंजिन, बेताची किंमत, कोपऱ्यावरच्या गॅरेजात होणारी दुरुस्ती, या गणितातून हातगिअर निवडला गेला. तो दांडा त्या निर्णयाचा पुरावा आहे.

५/ बदल म्हणजे केवळ पेटी बदलणे नव्हे. क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो, पेटी आकाराने वाढते, तळाचा पत्रा कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. आधुनिक पेटी संगणकाच्या आज्ञेवर चालते, म्हणून बहुधा इंजिनही बदलले जाते. मग उरते काय? फिएटचे कवच.

६/ कायदाही येथे आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे अधोरेखित केले. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ मान दिला, परंतु चासी, सांगाडा वा इंजिन बदलल्यास तो मिळत नाही.

७/ कोणी म्हणेल, आपल्या बंदरातील होड्यांनी शीड उतरवून इंजिन बसवलेच ना? खरे आहे. परंतु त्या होडीवर घर चालत होते. पोटासाठी साधन बदलणे हाही इतिहासच. काकांची फिएट आता पोट भरत नाही, ती स्मृती वाहते. दोहोंना एकच न्याय लावता येत नाही.

८/ तरीही गुडघ्याचे दुखणे खोटे नाही. चालवण्याचा आनंद गमावलेल्या माणसाला वारशावर व्याख्यान देणे सोपे असते. त्यांनी बदल करायचाच ठरवला, तर कायद्याची परवानगी घ्यावी, पत्रा न कापता जमेल तेवढेच करावे आणि काढलेला प्रत्येक भाग नोंदीसह जपावा, म्हणजे परतीची वाट राहील.

९/ मला मात्र दुसरी वाट दिसते. पुढचा बाक सलग आहे. काकांनी शेजारी बसावे आणि तो डावा हात आम्हाला शिकवावा. यंत्र जपता येते. ते चालवणारे हात शिकवावेच लागतात.