पाश दाखवा, व्हिसा मिळवा

आपल्याकडे कीर्तनकार शेकडो वर्षं सांगत आलेत, की बाबांनो, संसाराचे पाश तोडा. टूरिस्ट व्हिसाची चेकलिस्ट हातात आली की कळतं, पाश तोडून अजिबात चालत नाही. उलट ते सगळे झेरॉक्स काढून, सही-शिक्क्यानिशी फायलीला लावावे लागतात! नोकरी, पगार, घर, बायको, पोरं.. जितके पाश जास्त, तितके तुम्ही परत येणार असा साधा हिशोब.

बरेच लोक ही गोष्ट मनाला लावून घेतात, म्हणून आधी कायदा बघू. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे मागणाऱ्याने पटवून द्यायचं. आमच्या भाषेत फायरवॉलचं 'डीफॉल्ट डिनाय'. शेंगेनवाले जरा सौम्य बोलतात इतकंच. त्यांच्या २००९च्या व्हिसा कोडच्या परिशिष्टात परतीचं तिकीट, आर्थिक ऐपत, नोकरी, स्थावर मालमत्ता, कौटुंबिक संबंध अशी पुराव्यांची यादीच दिली आहे. आता मुदत संपल्यावर तिथेच राहणारे असतात हे खरं आहे, त्यामुळे 'परत जाणार का?' हा प्रश्न विचारण्यात मला काही गैर वाटत नाही. पुण्यात बॅचलर म्हणून फ्लॅट शोधलाय का कधी? गाव कुठलं, लग्न झालंय का, आईवडील काय करतात.. सोसायटीचे सेक्रेटरीही हेच विचारतात, आणि ते तर फी घेऊनही व्हिसा देत नाहीत :)

माझं भांडण पुराव्याशी आहे.

आमच्या टीममधला एक मुलगा घ्या. वय सत्तावीस, लग्न झालेलं नाही, हिंजवडीजवळ तिघांत एक भाड्याचा फ्लॅट. युरोपात दहा दिवस फिरायला जायचं होतं. रजा मंजुरीचं पत्र, सॅलरी स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न्स सगळं व्यवस्थित होतं. मालमत्ता म्हणून गावचा सातबारा लावला, इंग्रजी भाषांतर आणि नोटरीसकट. त्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात लागलेली अकरा नावं! चुलते, आत्या, वडील. याचं स्वतःचं नाव अर्थातच नाही. सामाईक जमीन, विकता येत नाही, वाटणी होत नाही. पण वडिलांची बायपास झाल्यापासून हा पठ्ठ्या दर दुसऱ्या शुक्रवारी रात्रीची एसटी पकडून गावी जातो, पाण्याची पाळी बघतो, ऊसतोडीच्या वेळी रजा टाकतो. याच्याइतका बांधलेला माणूस मी पाहिलेला नाही. एसटीची तिकिटं कुठल्या चेकलिस्टमध्ये बसतात? एका देशाच्या वकिलातीने नकार दिला. कारणाच्या रकान्यात खूण: मुदतीआधी परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका. अपिलाची सोय असते म्हणा, पण दहा दिवसांच्या सुट्टीसाठी परदेशात अपील कोण लढवत बसणार? फी गेली, रजा परत केली.

आता ज्याच्या नावावर फ्लॅट आहे तो परत येतोच असं कोणी सांगितलं? ईएमआय जगात कुठूनही भरता येतो. डॉलरमध्ये कमावलं तर लवकरही फिटतो. बाणेर-बावधनला एनआरआय मंडळींचे कुलूपबंद फ्लॅट किती आहेत ते जरा बघा. म्हणजे या फायलीतून दिसते ती ऐपत. ओढ वेगळी, आणि तिला स्टँपपेपर नाही.

मग एजंट लोक ऐपतच फुगवतात. सीएकडून नेट वर्थचं सर्टिफिकेट घ्या, काकांकडून चार लाख खात्यात फिरवा. अचानक आलेले चार लाख स्टेटमेंटमध्ये उठून दिसतात आणि खरा माणूसही खोटा वाटायला लागतो.

सगळ्यात गंमत पुढे आहे. २१४(बी)च्या त्या गृहीतकातून एच-वन-बी आणि एल व्हिसे कायद्यानेच वगळले आहेत, १९९०च्या दुरुस्तीपासून. म्हणजे कंपनीने मला सहा वर्षांसाठी पाठवलं तर घरची ओढ कोणी विचारणार नाही. तोच मी ग्रँड कॅनियन बघायला दहा दिवस जातो म्हटलं, की माझी मुळं खणून बघणार. कायद्याच्या जागी हे सुसंगत असेलही. कामाचा माणूस तिथे राहिला तरी त्यांना हवाच असतो. पण मग 'परत जाशील का' या प्रश्नाला नैतिकतेचा मुलामा तरी नको.

यावर शहाणपणाचा तोडगा मला युरोपनेच काढलेला दिसतो. एप्रिल २०२४मध्ये युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम बदलले. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. इथे पुरावा कसला? तर गेलात आणि परत आलात, याचा. फ्लॅट, एफडी यापेक्षा हा पुरावा कितीतरी सरळ आहे. फक्त तो पहिल्यांदा जाणाऱ्याकडे नसतो. त्याला पंधरा दिवसांचा, एकदाच वापरता येणारा व्हिसा द्यावा, परतीचा शिक्का बघावा आणि मग पुढचं ठरवावं. निदान नकार देताना नेमकं काय कमी पडलं, एवढं तरी दोन ओळींत लिहून द्यावं. आमचा तो मित्र पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, आणि फायलीत नक्की काय बदलायचं हे त्याला अजून कळलेलं नाही.