‘कौटुंबिक कारण’

२००९ साली माझ्या शाखेतला हेड कॅशियर सारखा रजेचे अर्ज देऊ लागला. कारण म्हणून दर वेळी दोनच शब्द : ‘कौटुंबिक कारण’. मी निमूट सही करीत असे. घरात काय चालले आहे हे विचारणे मला चोंबडेपणाचे वाटे.

पुढे कळले ते असे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आधी कॉलेज सुटले, मग मित्र, मग आंघोळ. बातम्या देणारी बाई आपलेच नाव घेते म्हणून त्याने टीव्हीवर चादर टाकली होती. आईवडिलांनी प्रथम अभ्यासाचा ताण म्हटले, मग वाईट संगत, मग बाहेरचे काहीतरी. पत्रिका दाखवून झाली, गाणगापूर झाले. मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढेपर्यंत चौदा महिने उलटले होते.

चौदा महिने! एक हप्ता चुकला तर आम्ही कर्जदाराचे दार ठोठावत असू.

वैद्यक या अवस्थेला ‘सायकोसिस’ म्हणते. स्किझोफ्रेनिया हा त्यातलाच एक आजार. बहुधा ऐन तारुण्यात तो डोके वर काढतो, म्हणजे मूल घराचा आधार व्हायच्या बेतात असते तेव्हाच. उपचाराविना जितका काळ जातो, तितके सावरणे अवघड होते. आईच्या लाडाने किंवा बापाच्या धाकाने तो होत नाही, हे मात्र त्या आईवडिलांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवे होते. मुलाला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून त्याच्याशी हुज्जत घालू नये, खोटा होकारही देऊ नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय ना?’ एवढे म्हणता येते. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, हा घात तर घरोघरी होतो.

आज निदान विचारायला जागा आहे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्यविम्यात मानसिक आजारही शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे. (जुना बँकवाला म्हणून सांगतो, पॉलिसीचे कागद वाचा.)

पण कुटुंबाला खरी गरज दुसऱ्या कुटुंबाची. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षे जवळून पाहिला. पुढे पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांशी बोलू लागले. २००४ साली आलेल्या ‘देवराई’तला शेष आणि त्याला सांभाळताना मेटाकुटीला आलेली बहीण पाहून कित्येकांना आपलेच घर आठवले असेल.

कॅशियरची पत्नी अशाच एका स्वमदत गटात गेली. पहिल्या दिवशी दाराशीच बसली. शेजारच्या बाईंनी हळूच विचारले, ‘तुमचा कोण? माझा धाकटा.’ सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेले ती मग तासभर बोलत राहिली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, ‘आता अर्जात खरं काय ते लिहा.’

त्याने लिहिले. तो अर्ज टेबलावर आला, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो.