घर स्वस्त मिळाले, पण पोहोचणार किती वाजता?

मुंबईसारख्या शहरात घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अपेक्षा तशा साध्याच असतात. घर ऐपतीत बसावे, वस्ती शांत असावी आणि कामावर जाण्यायेण्याची सोय चांगली असावी. पण या तीन गोष्टी एका ठिकाणी क्वचितच सापडतात. स्टेशन जवळ असले की भाव चढे आणि गोंगाट फार. शांतता असली की रात्री रिक्षा मिळत नाही. साहजिकच कुठेतरी तडजोड करावी लागते.

तडजोड करण्यात काही वाईट नाही. मात्र ती विचारपूर्वक केलेली असावी. पुष्कळ कुटुंबे चौरस फुटाचा भाव आणि कर्जाचा हप्ता एवढेच पाहून निर्णय घेतात. करारनाम्यात न लिहिलेली किंमत मात्र पुढची वीस वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ चुकवावी लागते. शिवाय ही किंमत घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

अंतर मिनिटांत मोजावे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर आहे आणि पनवेल सुमारे ४९. नकाशावर पाहिले तर दोन्ही ठिकाणे जवळजवळ सारख्याच अंतरावर. पण डोंबिवलीला जलद लोकल थांबते आणि साधारण तासाभरात मुंबई गाठता येते. हार्बर मार्गावर जलद गाड्यांसाठी वेगळे रूळच नाहीत. प्रत्येक गाडी वाटेतली स्टेशने घेत जाते, त्यामुळे पनवेलहून त्याच टर्मिनसला यायला जवळजवळ एक तास वीस मिनिटे लागतात.

याचा अर्थ डोंबिवली चांगली आणि पनवेल वाईट असा नाही. नोकरी बेलापूर किंवा वाशीला असेल तर हाच हिशेब उलटा होतो. शिवाय पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच असते. डोंबिवलीला मात्र कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडून आलेली जलद गाडी भरूनच येते, आणि सकाळी आठच्या सुमारास तिच्यात पाय ठेवणेही मुश्कील होते. म्हणून स्टेशन निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: गाडीला वेळ किती लागतो, गाडी तिथूनच सुटते का, आणि ऑफिसच्या वेळेला अशा किती गाड्या आहेत?

घर पाहायला लोक बहुधा रविवारी दुपारी जातात, तेही बिल्डरच्या गाडीतून. रविवारी रस्ते मोकळे असतात. लोकलचा मेगाब्लॉकही बहुधा रविवारीच असतो. त्या दिवशीच्या अनुभवावरून सोमवारची कल्पना येत नाही. घर पसंत पडले तर एखाद्या कामाच्या दिवशी, ज्या वेळेला रोज निघावे लागणार त्याच वेळेला, इमारतीच्या फाटकापासून ऑफिसच्या दारापर्यंत प्रवास करून पाहावा आणि संध्याकाळी तसाच परत यावे. एका दिवसाची रजा गेली तरी चालेल. जाहिरातीतली 'स्टेशनपासून पाच मिनिटे' चालत की मोटारीने, हे त्या दिवशी कळते.

रिक्षाचा हिशेब हप्त्यात मांडावा

स्टेशनपासून दूरचे घर स्वस्त मिळते. पण ते खरोखर किती स्वस्त, याचे गणित अवघड नाही. समजा, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाला माणशी २० रुपये लागतात. नवराबायको दोघेही नोकरी करणारे असतील तर जाण्यायेण्याचे रोजचे ८० रुपये झाले. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर २,००० रुपये.

आता दुसरी बाजू पाहू. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ८७० रुपये पडतो. म्हणजे रिक्षावर जाणाऱ्या २,००० रुपयांत सुमारे २ लाख ३० हजारांचे जास्तीचे कर्ज फिटू शकते. स्टेशनजवळचे तसेच घर एवढ्यानेच महाग असेल तर दोन्हींची किंमत सारखीच झाली. उलट रिक्षाचे भाडे वाढत जाते, पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही आणि रांगेत जाणारी पंधरा मिनिटे वेगळीच. फरक दहा लाखांचा असेल तर मात्र दूरच्या घराचा विचार जरूर करावा. निर्णय कोणताही असो, गणित आधी मांडलेले बरे.

नकाशावरची गाडी

स्वस्त वस्तीची जाहिरात करताना 'येथून मेट्रो जाणार', 'स्टेशन होणार' असे हमखास सांगितले जाते. ते खोटे असतेच असे नाही. प्रश्न असतो तो केव्हा होणार याचा. नवी मुंबईतल्या बेलापूर ते पेंधर या मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले. पहिले प्रवासी तिच्यात बसले १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. या बारा वर्षांत मेट्रोच्या भरवशावर तळोजाकडच्या भागात घर घेतलेल्यांची मुले पहिलीतून कॉलेजात गेली. तोवर बस आणि रिक्षा यांवरच भागवावे लागले.

उलवे परिसराची गोष्ट थोडी वेगळी. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली. गाडी आली हे खरे, पण मुख्य मार्गासारखी दर चार-पाच मिनिटांनी येणारी नव्हे. एक चुकली तर दुसरीची बराच वेळ वाट पाहावी लागते. म्हणून नुसते स्टेशन पाहून भागत नाही, वेळापत्रकही पाहावे. जे आज धावते आहे त्याच्यावर घर घ्यावे. पुढे येणारी सोय हा वरचा फायदा समजावा, त्यासाठी आज जास्त पैसे मोजू नयेत.

शांत की सुनसान?

नव्या वसाहतीत पाऊल टाकताच मन प्रसन्न होते. रुंद रस्ते, मोकळी हवा आणि कुठेही आवाज नाही. पण ही शांतता कशामुळे आहे ते पाहायला हवे. निम्मी घरे रिकामी असल्यामुळे शांतता असेल तर तिथे किराणा दुकान, औषधांचे दुकान, डॉक्टर आणि रस्त्यावरचे दिवेही नसण्याची शक्यता असते. रात्री साडेनऊला स्टेशनवर उतरलेल्या मुलीला घरापर्यंत एकटीने यावेसे वाटेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. खरी शांत वस्ती ती, जिथे लोक आहेत, वर्दळ आहे, पण रात्री झोप मोडत नाही.

त्यासाठी एकच वस्ती तीन वेगवेगळ्या वेळी पाहावी. पहाटे, सकाळी शाळेच्या वेळी आणि रात्री दहानंतर. जवळपास लग्नाचे कार्यालय, बस डेपो, मोठा रस्ता किंवा मालगाड्यांचा मार्ग आहे का ते पाहावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. मर्यादा ओलांडली जात असेल तर पोलिसांकडे तक्रार करता येते. मात्र रोज तक्रार करावी लागेल अशा ठिकाणी घर न घेणेच शहाणपणाचे.

आजची शांतता उद्या राहील का, हेही पाहावे. उलव्याच्या शेजारीच नवी मुंबई विमानतळ आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमानतळामुळे घराची किंमत वाढेल, पण आवाजही वाढेल. तसेच कारखान्यांचे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. औद्योगिक वसाहतीजवळ घर स्वस्त मिळत असेल तर त्याचे कारण हेच असू शकते.

नदीकाठच्या भागात पावसाळ्याची चौकशी हवी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला तेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. पाणी कुठवर येते हे बिल्डर सांगणार नाही. तिथला वाणी, वॉचमन किंवा शेजारच्या जुन्या इमारतीतल्या गृहिणी सांगतील. नळाला पाणी किती वेळ येते, टँकर किती मागवावे लागतात, हेही त्यांनाच विचारावे.

कागद पाहिल्याशिवाय पैसे नकोत

भाव फारच कमी सांगितला जात असेल तर अधिक सावध राहावे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराची नोंदणी सुरू झाली. कोणत्याही प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण तेवढ्यावर विसंबणेही पुरेसे नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आयुष्याची पुंजी घालून तिथे घरे घेतलेल्या कुटुंबांवर आभाळच कोसळले. म्हणून बांधकाम परवानगी खरी आहे का, हे थेट महापालिकेत जाऊन पाहावे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. शंका असल्यास वकिलाची फी वाचवू नये.

प्रवास कोणाचा?

एवढे सगळे पाहूनही एक गोष्ट राहून जाते. समजा, पती ऐरोलीला नोकरी करतो आणि पत्नी फोर्टमधल्या बँकेत. दोघे बदलापूरला दोन बेडरूमचे घर पसंत करतात. त्याच पैशांत डोंबिवलीला एकच बेडरूम मिळते. पती ठाण्याला गाडी बदलून तास-सव्वा तासात पोहोचतो. पत्नीला मात्र नुसत्या गाडीतच जवळजवळ दीड तास लागतो. सकाळचा डबा, मुलाची शाळेची तयारी आणि संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडेच असेल तर तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो.

डोंबिवलीला राहिल्यास तिची जातायेता मिळून सुमारे ५० मिनिटे वाचतात. वर्षाचे २५० तास, वीस वर्षांत ५,००० तास. म्हणजे दिवसरात्र धरून दोनशेहून अधिक दिवस. एक जास्तीची खोली या दिवसांच्या मोलाची आहे का? असेलही. सासूसासरे बरोबर राहणार असतील, मुले मोठी असतील, तर खोली हवीच. पण मग सकाळची कामे वाटून घेण्याचे ठरवूनच बदलापूरला जावे. नाहीतर घराची किंमत दोघांच्या पगारातून जाते आणि प्रवासाची किंमत एकटीच्या झोपेतून.

निर्णयात तिचा वाटा असेल तर मालकीतही असावा. २०२१ सालापासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरावर हे पन्नास हजार रुपये होतात.

शक्य असेल तर जी वस्ती आवडली तिथे आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहावे. एक पावसाळा, एक गणेशोत्सव आणि मुलांच्या परीक्षेचा एक हंगाम तिथे काढला की बिल्डरने न सांगितलेले सगळे कळते. ते शक्य नसेल तर निदान एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहावे आणि त्यापुढे घरातून निघण्याची व परतण्याची वेळ मांडावी. ज्याच्या नावापुढे सर्वांत मोठा दिवस येईल, त्याला विचारल्याशिवाय टोकन रक्कम देऊ नये.